सरकारच अमली पदार्थांच्या धंद्यात असेल तर? डाळिंबातल्या गोळ्या, दूतावासाची पिशवी आणि निफाडचा रीफर

प्रश्न निफाडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा आहे, थोडक्यात असा: "२०२१ मध्ये सौदी अरेबियाने लेबनॉनची सगळी फळं-भाजी एका झटक्यात बंद केली, कारण डाळिंबांत नशेच्या गोळ्या सापडल्या. पुढे वाचलं की तो धंदा शेजारच्या सीरियात सरकारच्याच आशीर्वादाने चालायचा. सरकार स्वतः ड्रग्ज विकतं म्हणजे नेमकं काय करतं? ते सिद्ध कसं होतं, दोन देशांच्या संबंधांचं काय होतं, आणि आमचा कंटेनर अशा भानगडीत अडकू शकतो का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हो, अडकू शकतो. अशा प्रकरणात ज्या सरकारवर संशय असतो त्याच्यापर्यंत हात पोचायला वर्षं लागतात; तोवर सगळ्यात जवळ जे सापडतं त्यावर कारवाई होते, आणि ते बहुधा शेजारचा देश, मधलं बंदर किंवा फळांचा कंटेनर असतं.

आधी एक गल्लत दूर करू. आपल्याकडे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या कारखान्यावर मुंबई पोलिसांची धाड पडली, त्या प्रकरणातला मुख्य आरोपी पुण्यात रुग्णालयातून पळाला, पोलीस निलंबित झाले. तेव्हा "सरकारच सामील आहे" असं पारावरच्या गप्पांत सर्रास ऐकू यायचं. राजनयाच्या भाषेत याला सरकारपुरस्कृत तस्करी म्हणत नाहीत, हा भ्रष्टाचार झाला. सरकारपुरस्कृत म्हणायला सत्तेच्या वरच्या थरातून निर्णय, संरक्षण किंवा पैशातला वाटा दिसावा लागतो. त्यातही तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींवर बाकीचे देश वेगळं वागतात.

पहिला प्रकार, राज्ययंत्रणाच विक्रेता. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या अफूची मक्तेदारी घेतली, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत माल बांधला, कलकत्त्यात लिलाव केला आणि तिथून पुढे हात झटकले. चीनच्या किनाऱ्यावर माल नेणारे खासगी व्यापारी होते. कंपनीच्या जहाजात अफू नाही, म्हणून कंपनी निर्दोष. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिकायची, तिथे मक्तेदारी चालेना, म्हणून मुंबई बंदरातून जाण्यासाठी परवाना शुल्क लावलं. म्हणजे उत्पादन दुसऱ्याचं, वाहतूक तिसऱ्याची, महसूल कंपनीचा. जून १८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेनला वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली आणि युद्ध पेटलं. १८४२ च्या नानकिंग तहात चीनने २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देण्याचं कबूल केलं, त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून. गंमत म्हणजे त्या तहाने अफूचा व्यापार कायदेशीर केला नाही. ते १८५८ मध्ये, आयात शुल्काच्या दरपत्रकात अफूची ओळ घालून झालं. आजचे तज्ज्ञ "नाकारता येण्याजोगं अंतर" म्हणून जे शिकवतात ते कंपनीच्या कारकुनांनी दोनशे वर्षांपूर्वी हिशेबाच्या वहीत बसवलं होतं.

दुसरा प्रकार, सत्ताधारी स्वतः विकत नाहीत पण रस्ता मोकळा ठेवून हिस्सा घेतात. बोलिव्हियात जुलै १९८० मध्ये गार्सिया मेसा यांनी कोकेन व्यापाऱ्यांच्या पैशावर बंड करून सत्ता घेतली. त्यांचे गृहमंत्री आर्से गोमेझ पुढे अमेरिकेच्या तुरुंगात गेले. पनामाचे लष्करशहा नोरिएगा, होंडुरासचे अध्यक्ष हुआन ओर्लांडो हर्नांडेझ हेही याच रांगेतले.

तिसरा प्रकार सगळ्यात निसरडा: सरकारला माहीत असतं, पण ज्या टोळ्या हा धंदा करतात त्या सीमेवर उपयोगी पडतात म्हणून डोळेझाक होते. यात पुरावा जवळपास कधीच पुरा होत नाही. वर्तमानपत्रात आरोप होतात, संयुक्त राष्ट्रांत भाषणं होतात, न्यायालयात काही टिकत नाही.

सीरिया पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मध्ये बसतो. कॅप्टागॉन हे मुळात १९६० च्या दशकातल्या एका जर्मन औषधाचं नाव; आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीत प्रामुख्याने ॲम्फेटामाइन आणि कॅफिन असतं. यादवी युद्धात निर्बंधांनी तिजोरी आटली, तेव्हा सत्ताधारी असद घराण्यातले नातेवाईक आणि अध्यक्ष बशर अल-असद यांचे भाऊ माहेर अल-असद यांची लष्करातली चौथी डिव्हिजन या धंद्याच्या केंद्रस्थानी आली. जुलै २०२० मध्ये इटलीच्या सालेर्नो बंदरात ८ कोटी ४० लाख गोळ्या सापडल्या. आधी बोट इस्लामिक स्टेटकडे दाखवलं गेलं, नंतर सीरियाच्या सत्तेशी जोडलेल्या जाळ्याकडे. आरोप आधी कुणावर होतो आणि नंतर कुणावर सरकतो, हे अशा प्रकरणात नेहमी पाहावं.

आता सिद्ध कसं होतं. पोलीस जप्ती सिद्ध करतात, न्यायालय माणसाचा गुन्हा सिद्ध करतं, आणि राज्याची जबाबदारी हा तिसराच मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये राज्याच्या जबाबदारीची जी कलमं तयार केली त्यात कलम ४ नुसार सरकारी अंगाची कृती ही राज्याचीच कृती. अधिकाऱ्याने हुकूम मोडून केली तरी, पदाच्या नात्याने केली असेल तर कलम ७ नुसार राज्याचीच. खासगी टोळी असेल तर कलम ८ लागतं: राज्याच्या सूचनेवरून, दिग्दर्शनाखाली किंवा नियंत्रणाखाली ते झालं का? निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये "परिणामकारक नियंत्रण" अशी कडक कसोटी लावली. नुसता पैसा किंवा शस्त्रं पुरवणं पुरेसं नाही, त्या विशिष्ट कृत्यावर हुकमत दिसायला हवी.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी अडखळते ते 'पोंग सू' या उत्तर कोरियाच्या जहाजावरून कळतं. एप्रिल २००३ मध्ये ते ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याजवळ आलं, खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून हेरॉइन उतरवलं, त्यात होडीतला एकजण बुडून मेला. सुमारे १२५ किलो माल हाती लागला. जहाज पळालं, चार दिवस पाठलाग करून लष्कराच्या खास तुकडीने ते ताब्यात घेतलं. झेंडा तुवालूचा, मालकी उत्तर कोरियाची, आणि जहाजावर कोरियन कामगार पक्षाचा राजकीय अधिकारी. एवढं असूनही काय झालं? किनाऱ्यावर माल घेणारे आणि उतरवणारे चौघे दोषी ठरले. कप्तान, राजकीय अधिकारी आणि आणखी दोन अधिकाऱ्यांना २००६ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं, कारण त्यांना मालाबद्दल माहिती होती हे शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही. बाकीच्या खलाशांना त्याआधीच मायदेशी पाठवलं होतं. म्हणजे राज्याच्या सहभागाची साखळी नेमकी जहाजाच्या डेकवर तुटली. मग ऑस्ट्रेलियाने जे न्यायालयात जमलं नाही ते आकाशातून केलं: मार्च २००६ मध्ये हवाई दलाच्या एफ-१११ विमानांनी बॉम्ब टाकून ते जहाज समुद्रात बुडवलं आणि त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. हा प्योंगयांगला दिलेला निरोप होता. खलित्यापेक्षा स्पष्ट आणि खटल्यापेक्षा स्वस्त.

म्हणून कुठलाही देश "अमुक सरकार ड्रग्ज विकतं" असं जाहीर म्हणतो तेव्हा पुराव्याइतकंच वेळेकडे बघा. नोरिएगा अनेक वर्षं सीआयएचे पगारी खबरे होते. धंदा तेव्हाही लपलेला नव्हता. ते नकोसे झाले तेव्हा, फेब्रुवारी १९८८ मध्ये, फ्लोरिडात आरोपपत्र आलं. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामात सैन्य घातलं. नोरिएगा व्हॅटिकनच्या दूतावासात शिरले; दूतावासाची हद्द अभेद्य, म्हणून सैन्य बाहेर थांबलं आणि कर्णकर्कश संगीत लावून बसलं. ३ जानेवारी १९९० ला ते स्वतः बाहेर आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या आक्रमणाचा निषेध केला होता, त्याने फरक काही पडला नाही. उलट बाजूने होंडुरास पाहा. हर्नांडेझ अध्यक्ष असताना अमेरिकेचे मित्र होते. पद गेल्यावर २०२२ मध्ये काही आठवड्यांत अटक, एप्रिलमध्ये प्रत्यार्पण, २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा, आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांची माफी. पुरावा तोच होता, बदललं ते राजकारण.

राजनैतिक संरक्षणाबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २७ सांगतं की राजनैतिक पिशवी उघडायची नाही आणि अडवायचीही नाही. पिशवी म्हणजे हातातली थैलीच असं नाही. बाहेर स्पष्ट खूण असलेली मोठी पेटीही पिशवीच. आत फक्त सरकारी कागदपत्रं आणि कार्यालयीन वापराच्या वस्तू असाव्यात हेही त्याच कलमात आहे, पण तपासायचं कसं याचं उत्तर नाही. कुत्र्याने बाहेरून वास घेतला तर चालतं का, क्ष-किरण चालतात का, यावर देशांची मतं जुळत नाहीत. संशय आलाच तर व्यवहारात परराष्ट्र खात्यामार्फत विचारणा होते. राजदूताचं वैयक्तिक सामान मात्र वेगळं: कलम ३६ नुसार गंभीर कारण असेल तर त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत ते तपासता येतं. आणि वाणिज्य दूतावासाची पिशवी आणखी वेगळी. १९६३ च्या कराराचं कलम ३५ म्हणतं की संशय असेल तर उघडायची मागणी करा. नकार दिला तर पिशवी आल्या पावली परत पाठवा. विमानतळावरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला या तीन गोष्टींतला फरक माहीत नसला की एक तर माल सुटतो, नाहीतर सकाळी दिल्लीत निषेधाचा खलिता येतो.

दुसरा गैरसमज, राजदूत कुठेही सुरक्षित. संरक्षण असतं ते नेमणुकीच्या देशात आणि कामावर जाता-येता लागणाऱ्या वाटेवर. ग्वाटेमालाचे बेल्जियम-नेदरलँड्समधले राजदूत १९६० मध्ये न्यूयॉर्कला हेरॉइनसह पकडले गेले आणि सरळ तुरुंगात गेले. अमेरिकेत त्यांची नेमणूकच नव्हती. नेमणूक पूर्ण झाली होती की नाही यावरही प्रकरण फिरू शकतं. व्हेनेझुएलाचे लष्करी गुप्तचर प्रमुख राहिलेले ह्यूगो कार्वाहाल यांना जुलै २०१४ मध्ये अरुबा या डच बेटावर अमेरिकेच्या मागणीवरून पकडलं. व्हेनेझुएलाने त्यांना तिथले महावाणिज्यदूत नेमलं होतं, पण डचांनी ती नेमणूक स्वीकारलेली नव्हती. स्थानिक सरकारी वकिलांचं मत होतं की संरक्षण नाही. चार दिवसांत हेगहून, म्हणजे डच सरकारकडून, उलट निर्णय आला: संरक्षण आहे, पण माणूस नकोसा आहे, त्याला जाऊ द्या. कार्वाहाल यांचं कराकसमध्ये स्वागत झालं. पुढे राजकारणात बाजू बदलली, स्पेनमध्ये गेले, २०२३ मध्ये अमेरिकेच्या हवाली झाले आणि २०२५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

संरक्षण कुणाचं, हेही पक्कं ध्यानात ठेवा. ते त्या माणसाचं नसून त्याला पाठवणाऱ्या राज्याचं असतं. कलम ३२ खाली ते राज्यच काढून घेऊ शकतं. म्हणून सरकार सामील नसेल तर त्याचा पहिला पुरावा हाच: ते संरक्षण सोडतं, दार उघडून देतं. ब्युनोस आयर्समध्ये रशियन दूतावासाच्या शाळेच्या इमारतीत डिसेंबर २०१६ मध्ये १२ सुटकेसांत ३८९ किलो कोकेन सापडलं. खबर खुद्द रशियन राजदूतांनी अर्जेंटिनाला दिली. दोन्ही देशांच्या पोलिसांनी रात्रीत कोकेन काढून पीठ भरलं, आत मागोवा घेणारी उपकरणं ठेवली आणि सुटकेसा पुढे जाऊ दिल्या. वर्षभर थांबून माणसं पकडली, फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. टीका झाली, शंका आजही घेतल्या जातात, पण संबंध बिघडले नाहीत. याउलट १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमध्ये उत्तर कोरियाच्या मुत्सद्द्यांकडे १४७ किलो हशीश निघालं, तेव्हा दूतावासाने कानावर हात ठेवले. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडन, चौघांनीही दारू-सिगारेट-हशीशच्या तस्करीवरून मुत्सद्दी हाकलले. संबंध मात्र कुणी तोडले नाहीत. स्वीडनचे तर त्यांच्याकडे हजार व्होल्वो गाड्यांचे पैसे अडकले होते. तुटलेल्या संबंधांतून वसुली कोण करणार? (ते पैसे अजून आलेले नाहीत.)

यातून राजनैतिक प्रत्युत्तराची चढण दिसते. आधी बंद दाराआड शब्द, मग खलिता, मग एखादा सचिव "नकोसा" ठरवून हाकलणं. त्याच्या वर व्यक्तींवरचे निर्बंध, व्हिसा रद्द, बँक खाती गोठवणं. मग मदत किंवा व्यापार थांबवणं. सैन्य अगदी शेवटी आणि क्वचित. अमेरिका दरवर्षी सप्टेंबरच्या मध्याला मोठ्या उत्पादक आणि वाहतूक देशांची यादी काढते. तिच्यात भारताचं नाव असतं हे ऐकून अनेकजण चपापतात. यादीत असणं म्हणजे आरोप नव्हे; भूगोल आणि रासायनिक उद्योगामुळे मार्ग इथून जातो एवढंच ते सांगतं. त्या यादीतून "प्रयत्नच केले नाहीत" असा शेरा ज्यांच्यावर बसतो त्यांची मदत अडू शकते. कोलंबियावर तो १९९६ मध्ये बसला आणि अध्यक्ष साम्पेर यांचा अमेरिकी व्हिसाच रद्द झाला.

ही चढण उलटीही वापरता येते, आणि हा भाग बातम्यांत फार येत नाही. पोलिसी सहकार्य हेच सौद्याचं चलन बनतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी सभापती तैवानला गेल्या म्हणून चीनने अमली पदार्थांवरची चर्चा बंद केली. अमेरिकेला छळणाऱ्या फेंटानिल या अमली पदार्थाशी तैवानचा काय संबंध? काहीच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन अध्यक्ष भेटले तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने फेंटानिलचंच नाव घेऊन चिनी मालावर आयात शुल्क चढवलं. मेक्सिकोचे माजी संरक्षणमंत्री जनरल सिएनफुएगोस यांना अमेरिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये लॉस एंजेलिसला विमानतळावर धरलं, मेक्सिकोला पूर्वसूचना न देता. मेक्सिकोने सहकार्य थांबवण्याची भाषा केली आणि महिन्याभरात अमेरिकेने स्वतःचा खटला मागे घेऊन जनरलला परत पाठवलं. वर मेक्सिकोने डिसेंबरमध्ये परदेशी एजंटांवर बंधनं घालणारा कायदाही केला.

सीरियाने हेच केलं. जॉर्डनच्या सीमेवर रोज माल येत होता. जानेवारी २०२२ मध्ये एकाच चकमकीत जॉर्डनच्या सैन्याने २७ तस्कर मारले. अरब देशांना गोळ्या थांबायला हव्या होत्या, असदना बहिष्कार उठायला हवा होता. १ मे २०२३ ला अम्मानमध्ये सीरियाने तस्करीविरुद्ध सहकार्याचं वचन दिलं, ७ मेला अरब लीगमध्ये परतीचा निर्णय झाला, आणि ८ मेला दक्षिण सीरियातल्या एका बड्या तस्कराच्या घरावर हवाई हल्ला झाला, जो जॉर्डनचा मानला जातो. वचन पाळलं गेलं का? डिसेंबर २०२४ मध्ये राजवट कोसळल्यावर दमास्कसच्या आसपासच्या गोदामांत आणि मेझ्झेच्या लष्करी तळावर गोळ्यांचे ढीग सापडले. ज्याच्या हातात नळ आहे त्याच्याकडूनच पाणी बंद करण्याचं वचन घेतलं की असंच होतं.

आणि लेबनॉन? एप्रिल २०२१ मध्ये डाळिंबांत पन्नास लाखांहून जास्त गोळ्या सापडल्या, सौदीने फळं-भाजी आणि तिची पारगमन वाहतूक बंद केली. डाळिंबं मुळात सीरियातून आली होती असं लेबनॉनकडून सांगितलं गेलं. सौदीला त्याचं काय? कागदावर लेबनॉन होतं. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस रियाधला पिठाच्या खेपेत सुमारे ४ कोटी ७० लाख गोळ्या निघाल्या, म्हणजे लेबनॉनची फळं बंद करूनही ओघ थांबला नव्हता. बेका खोऱ्यातला शेतकरी मात्र बाजार गमावून बसला. बंदीमागे लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या संघटनेवरचा रागही होता, हे विसरून चालणार नाही. २०२१ च्याच ऑक्टोबरमध्ये लेबनॉनच्या एका मंत्र्याच्या येमेनवरच्या विधानावरून सौदीने लेबनॉनची सगळीच आयात थांबवली, राजदूतालाही घालवलं.

भारताकडे येऊ. जून २०१९ मध्ये अटारीला पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या गोण्यांत ५३२ किलो हेरॉइन. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानचा टाल्क म्हणून आलेल्या दोन कंटेनरांत २,९८८ किलो. चढवलं होतं इराणच्या बंदर अब्बासहून. आता मुंद्र्यात जबाबदार राज्य कोणतं म्हणायचं? माल अफगाण, बंदर इराणी, सूत्रं पाकिस्तानात हलल्याचा तपास यंत्रणांचा आरोप. इराणशी तेव्हा आपला चाबहार बंदराचा प्रकल्प होता, काबूलशी मान्यतेचाच घोळ. त्यामुळे राष्ट्र म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुतेक पाकिस्तानकडे, बाकीच्यांशी काम शांतपणे होतं. आपली यंत्रणा हेच करते, आणि माझ्या मते बरोबर करते.

तपासाचा धागा परदेशात जातो तेव्हा नाशिकच्या विशेष न्यायालयातल्या प्रकरणालाही तीच वाट आहे जी मुंबईला. तपास अधिकारी विनंतीपत्राचा मसुदा करतो, न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली ते देतं, ते गृह मंत्रालयाकडे जातं आणि तिथून समोरच्या देशाच्या केंद्रीय अधिकाऱ्याकडे किंवा, करार नसेल तर, परराष्ट्र खात्यामार्फत. अडतं कुठे? "आरोपीचे सर्व बँक व्यवहार द्यावेत" अशी मोघम मागणी केली की पत्र परत येतं. खातं, शाखा, तारखांचा अवधी आणि त्याचा गुन्ह्याशी संबंध लिहावा लागतो. पदार्थ तिथल्या अनुसूचीत नसेल तर दुहेरी गुन्ह्याची, म्हणजे दोन्ही देशांत तो गुन्हा असण्याची, अट बसत नाही. प्रत्यार्पणात एनडीपीएस या आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३१-अ मधली फाशीची तरतूद आडवी येते. युरोपातले देश लेखी हमी मागतात. आणि समोरचं सरकारच सामील असेल तर सगळंच मुसळ केरात. अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ७ परस्पर मदतीचं आहे, पण त्यातच सार्वभौमत्व आणि सुरक्षेच्या कारणाने नकार द्यायची मुभा आहे. हा करार सरकार पोलिसांच्या बाजूने आहे असं गृहीत धरून लिहिलेला आहे.

आता तुमचा रीफर, म्हणजे शीतकंटेनर. युरोपातल्या आणि आखातातल्या बंदरांत जे प्रकार पकडले जातात त्यात बऱ्याचदा मालकाला काही माहीत नसतं: दाराजवळ पिशव्या टाकायच्या, बनावट सील लावायचं, उतरण्याच्या बंदरात कुणीतरी काढून घ्यायचं. तुमच्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) "शिपर्स लोड, स्टो अँड काउंट" असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ आत काय भरलं याची जबाबदारी जहाज कंपनी घेत नाही. आणि एनडीपीएसच्या कलम ३५ आणि ५४ खाली "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायचा भार आरोपीवर येऊ शकतो. त्यामुळे फोटो आणि नोंदी हाच तुमचा वकील.

रिकामा कंटेनर पॅकहाऊसला आला की प्री-कूलिंगची घाई असते, तरी दहा मिनिटं काढा. चाळीस फुटी रीफरची आतली लांबी साडेअकरा मीटरच्या आसपास भरते. टेप लावा, जहाज कंपनीच्या मापाशी जुळवा. फूटभर कमी आली तर पुढच्या भिंतीमागे काहीतरी आहे. भिंती आणि छत ठोकून बघा, आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. बाष्पक पंख्याच्या पुढच्या पत्र्याचे स्क्रू ताजे ओरखडलेले दिसले तर कंटेनर बदलून मागा. दारांच्या बिजागऱ्या आणि कडीचे रिव्हेट बघा. सील न तोडता दार उघडायची वाट तिथूनच असते. भरताना प्रत्येक पॅलेटचा आणि शेवटी बंद दाराचा फोटो घ्या. त्यात सील क्रमांक आणि ट्रकचा नंबर एकाच चौकटीत यायला हवा. बोल्ट सील उच्च सुरक्षेचं आयएसओ १७७१२ मानकाचं घ्या. आरएफआयडी ई-सीलचा क्रमांक शिपिंग बिल आणि ट्रक क्रमांकाशी जोडताना पॅकहाऊसचा पोऱ्या एक आकडा चुकवतो आणि न्हावा शेव्याच्या गेटवर गाडी थेट तपासणीला जाते. गाडी पिंपळगाव-कसारा-पडघा मार्गे जाते. ढाब्यावरचा लांब थांबा जीपीएसवर दिसला तर चालकाला तिथल्या तिथे विचारा, दुसऱ्या दिवशी नको. गेटवरच्या वजनाची पावती तुमच्या वजनाशी ताडा.

तपासणी झाली तर नुकसान कसं होतं ते कळलं की सीमाशुल्क एजंटाशी आधीच बोलून ठेवाल. दार उघडं राहिलं की शून्य अंशाच्या घडांवर दमट हवेतलं पाणी धरतं. डब्यातला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलाव्यानेच गॅस सोडतो. ओल वाढली की गॅस एकदम सुटतो, मणी देठाकडून पांढरे पडतात. रॉटरडॅमला पोचल्यावर खरेदीदार ते दोष तुमच्या पॅकिंगवर टाकतो. म्हणून थंड शेडमध्ये तपासणी मागा, नाहीतर निदान पहाटेची वेळ, आणि डेटा लॉगरची प्रत जपून ठेवा. दार किती वाजता उघडलं, किती वेळ उघडं राहिलं हे त्याच्या आलेखावर दिसतं.

आयात करत असाल तर धोका उलट दिशेने. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस वाशीला आयात संत्र्यांच्या मालात १९८ किलो मेथॲम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन निघालं, आठवड्याभरात न्हावा शेव्याला हिरव्या सफरचंदांत ५० किलो कोकेन. कुणी "तुमचा आयईसी (आयात-निर्यात परवाना) क्रमांक वापरू द्या, कमिशन देतो" म्हणत आलं तर त्याला दारातच वाटेला लावा. खरेदीदार नवीन, दर बाजारापेक्षा चढा आणि कंटेनर मधल्याच बंदरात फिरवायचा आग्रह, हे तिन्ही एकत्र आले तर सौदा सोडून द्या.

आणि उद्या एखाद्या देशाने भारतीय फळांवर बंदी घातलीच, तर ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीच्या पॉलिसीत आयातदार देशाच्या सरकारने घातलेले नवे निर्बंध राजकीय जोखीम म्हणून धरले जातात. पण माल बंदरात सडला, गुणवत्ता घसरली, तर तो भाग त्यात येत नाही. हंगामाआधी, म्हणजे डिसेंबरातच, पॉलिसीची मर्यादा आणि खरेदीदाराच्या करारातलं हाताबाहेरच्या परिस्थितीचं (फोर्स मेजर) कलम शेजारी ठेवून वाचा. बंदी लागली तेव्हा मालाची मालकी कुणाकडे होती, यावरच भरपाईचा वाद होतो. एफओबी आणि सीआयएफ या दोन्ही प्रकारच्या विक्री करारांत जोखीम जहाजावर माल चढताच सरकते, पैसे मात्र पोच झाल्यावर मिळणार असतील तर तोवरची टांगती तलवार तुमच्याच डोक्यावर.